चार नंबरचं झाकण

३ नोव्हेंबर, सोमवार

‘भाईंदर पूर्वेच्या पॉलिशवाल्यांनो, आपल्या छातीत काय जातं हे आजवर आपल्याला कुणीही विचारलेलं नाही.’

बुधवारच्या गेटसभेची सुरुवात ही. पुढचं सुचत नाही. राग फार आहे.

राग कशाचा, ते आधी नीट लिहून काढतो. आमच्या कारखान्यात नऊ चाकं. स्टीलचे टोप, डबे चाकावर धरायचे, चकाकी आणायची. धूळ ओढून घ्यायला प्रत्येक चाकामागे पाइपचं एक तोंड, आणि सगळ्यांना मिळून छपरावर एक मोठा पंखा. पूर्वी तो दिवसभर पूर्ण जोरात चालायचा. गेले दोन महिने तो एआय चालवतं. कुठे किती धूळ उडतेय ते बघून पंखा कमी-जास्त करतं, तोंडांवरची नवी झाकणं उघडतं-मिटतं. वीज तिसऱ्या हिश्शाने कमी झाली. परदेशातल्या गिऱ्हाइकाला असाच माल हवा, कमी विजेत बनलेला. शेठ खूश.

युनियनने एकच अट घातली होती, आणि ती मी भांडून मिळवली — प्रत्येक तोंडाच्या झाकणाला हाताचा दांडा राहील. हाताने जे केलं, ते मशीन बदलणार नाही. माणसाचा हात वर.

आणि आज काय बघतो? दुपारी तीन वाजता दशरथदादाच्या चार नंबरचं झाकण बंद. चाक चालू, दादाचं तोंड धुळीने काळं. महिनाभर खोकतोय तो. वीज वाचवायला एका माणसाचा श्वास बंद!

४ नोव्हेंबर

पुन्हा बंद. अडीचपासून पाचपर्यंत. शेजारच्या चाकावरचा विठू म्हणाला, ‘काल पण बंद होतं, शनिवारी पण.’

दादाला विचारलं. ‘काय न्हाय रं. तू तुजा बघ.’ इथल्याच मुर्धा गावचा माणूस, साठीला आलेला. बाप मिठागरात राबला, हा धुळीत. तक्रार करायची याला लाज वाटते, म्हणून मला करावी लागते.

शिफ्ट सुटताना भिंतीवरचा स्क्रीन प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो, बाईच्या आवाजात, मराठीत. सगळे त्या मशीनलाच ‘बाई’ म्हणायला लागलेत. मला विचारलं, ‘नऊ नंबर, आज ओढ कशी होती?’ मी उत्तर दिलं नाही. दोन महिन्यांत एकदाही दिलेलं नाही. मशीनशी गप्पा मारायला मी युनियनमध्ये आलो नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

बोललो. वीस मिनिटं. शेजारच्या गाळ्यांतले लोकही येऊन उभे राहिले. मागणी एकच — एआय काढा, पंखा पूर्ण जोरात चालवा. नाहीतर सोमवारपासून काम बंद.

शेठ म्हणाले, ‘आत्मारामभाई, ऑर्डर चली गयी तो चाक किसके लिए घुमाओगे? एक बार कंपनीवाली मॅडम को देखने दो.’ मी म्हटलं, शनिवारपर्यंत.

विठू म्हणतो, ‘तुझं भाषण मला आवडतं. बाकीचे काय बोलतात ते ऐकूच येत नाही.’ चाकाच्या आवाजाने सगळ्यांचे कान अर्धे गेलेत. वक्ता म्हणून माझं नाव आहे त्यामागे हेही असावं!

घरी उर्मिलेने विचारलं, ‘दशरथदादांना विचारलंत का?’

‘विचारलं. सांगत नाही तो.’

‘भाषणाच्या आवाजात विचारलं असेल तुम्ही.’

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

एआयच्या कंपनीच्या रसिका मॅडम आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. मला वाटलं, ऑफिसात लॅपटॉप उघडून बसतील. त्या मास्क लावून चार नंबरजवळ पालथ्या क्रेटवर बसल्या, ते दुपार होईपर्यंत. कपड्यांवर धुळीचा थर. अडीच वाजता दशरथदादाने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि स्वतःच्या हाताने दांडा खाली ओढला.

मी माझं चाक बंद करून तिकडे गेलो.

मॅडमनी नोंदी दाखवल्या. दोन महिन्यांत एक्केचाळीस वेळा — ‘हाताने बंद’. रोज संध्याकाळी बाईने विचारलंय, ‘चार नंबर, झाकण का बंद केलं?’ रोज दादाचं उत्तर, ‘ठीक हाय बाई.’ एकदा तर, ‘तुमी जेवल्या का?’

‘ठीक आहे म्हटलं की बाई गप्प बसायची. ही आमची चूक,’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि दुसरी याहून मोठी. झाकण बंद झालं की मशीनला वाटायचं, इथे ओढ नको आहे. ते पंखा हळू करायचं.’

हे ऐकून दादाने चाक थांबवलं. ‘म्हंजे म्होरं जातच न्हवता?’

‘काय म्होरं?’ मी विचारलं.

मग हळूहळू बाहेर आलं. दुपारी नऊच्या नऊ चाकं चालू असतात. पाइपच्या टोकाला ओढ पोचत नाही. आपलं तोंड बंद केलं की टोकाच्या माणसाला थोडी जास्त मिळते. जुन्या पंख्याच्या काळात दादा तोंडात गोणपाट कोंबायचा. दांडा मिळाल्यावर काम सोपं झालं. अकरा वर्षं हे चाललंय.

टोकाचं चाक नऊ नंबर. तिथे मी बसतो. अकरा वर्षं.

८ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसलो. का केलंस, म्हणून विचारलं. हळू आवाजात.

‘तुला बोलाया येतं. आमाला न्हाय. तुजा आवाज बसला तं आमचा कोन सांगंल?’ मग भाकरी मोडता मोडता म्हणाला, ‘आनि तू बोलाया लागला का अर्धा तास बसाया मिलतं.’

इतकी पुस्तकं वाचली. माणसाच्या त्यागावर सभा गाजवल्या. आणि माझ्यापासून पाच चाकांवर काय चाललंय ते मला दिसलं नाही. ज्या मशीनला मी शिव्या घातल्या, त्याने एक्केचाळीस वेळा विचारलं. मी एकदा.

सोमवारचा बंद मागे घेतला.

संध्याकाळी बाईला पहिल्यांदा उत्तर दिलं. ‘ओढ कमी. अडीचनंतर फारच कमी.’

‘कुठून तपासू?’

‘सात नंबरच्या वळणापासून.’

मला माहीत होतं. पाइपवर हात ठेवला की कळतं, सातपर्यंत तो थरथरतो, पुढे नाही. मला कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलं तेव्हा मी तोंड फिरवत होतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वळण उघडलं. आत धुळीचा दगड झालेला. चार गोणी निघाल्या. बाईला सातच्या पुढे ओढ घटते हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं, पण तिला वाटलं पाइप असाच असतो. ती आली तेव्हापासून तो असाच होता!

आता दुपारीही नऊ नंबरला ओढ आहे. फडका तोंडासमोर धरला तर आत जातो. पंखा पूर्वीपेक्षा हळू चालतो, वीज आणखी कमी. मॅडमनी बाईला नवं शिकवलं — चाक चालू असताना झाकण बंद झालं तर पंखा हळू करायचा नाही, लगेच त्या माणसाला विचारायचं. आणि ‘ठीक आहे’वर थांबायचं नाही. हे कसं विचारायचं ते दादाकडून लिहून घेतलं. तो म्हणाला, ‘पयलं जेवला का इचारा. मंग सांगतो मानूस.’

गेटवर उभा राहून ‘मी चुकलो’ म्हणालो. विठू मागून ओरडला, ‘आवाज! ऐकू नाही आलं!’ पुन्हा म्हणालो.

आज मन भरून आलंय. पालथ्या क्रेटवर दुपार काढणाऱ्या त्या मुलीबद्दल. मशीन बंद न करता ते आधी तपासू देणाऱ्या शेठबद्दलही — हे फक्त इथेच लिहितोय. आणि सगळ्यात जास्त दादाबद्दल.

१५ नोव्हेंबर

दादाचा खोकला थांबत नाही. अकरा वर्षं आपलं तोंड बंद ठेवलेला माणूस. छातीचा फोटो काढायला मीरा रोडला घेऊन गेलो. दारात अडला. ‘तू कारशील तं मी कारीन.’ म्हणून मीही काढला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दादाची छाती स्वच्छ. खोकला घशाचा, औषधाने जाईल.

डाग माझ्या छातीत आहेत. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला, विचारलं, ‘अकरा वर्षं टोकाच्या चाकावर? मग डाग इतके कमी कसे?’ मी दाराकडे बघितलं. बाहेर बाकावर दादा बसला होता.

लवकर कळलं, सांभाळता येईल, म्हणाले. पण चाकावरचं काम सुटणार.

उद्या गेटवर भाषण नाही. फोटो हातात घेऊन एवढंच सांगायचं — शनिवारी सकाळी नऊला माझ्याबरोबर चला, आपापल्या छातीचा फोटो काढून घ्या.