चार छत्तीसची नोंद

बागबाजार, कोलकाता
मंगळवार, २४ मार्च २०२६

प्रिय नूपुर,

शुक्रवार, २० मार्च, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. न्यू टाउनमधल्या तुमच्या संस्थेचं सभागृह, तिसरी रांग. वेळ मी घड्याळात बघून आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवली, कारण आधी वेळ लिहायची आणि मत नंतर मांडायचं हे मी एकतीस वर्षं मुलींना शिकवलं. त्या वेळी तू पडद्यावर माझ्या वहीचं एक पान दाखवलंस. निळी शाई, माझं अक्षर, आणि एका आकड्याभोवती लाल वर्तुळ. मग तू इंग्रजीत म्हणालीस की ही वही माझ्या आईची आहे आणि सगळ्या आयांसारखी तीसुद्धा कधीकधी वाढवून सांगते. शंभरएक माणसं हसली. तुझा सहकारी अजेय, ज्याने आमच्याकडे बसून चार वेळा पुरणपोळी मागून घेतली आहे, तो सगळ्यात मोठ्याने हसला. इंग्रजी मला नन्सनी शिकवलंय, तेव्हा विनोद समजायला अडचण आली नाही. शेजारी तुझे बाबा होते. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तुझी पुढची चित्रं सुरू झाली तरी ते तसेच पडद्याकडे बघत राहिले.

बागबाजारहून न्यू टाउन पाऊण तासाचं, तरी मी पत्र लिहिते आहे, याचं तुला हसू येईल. पण शनिवारी फोन केला तर तू मीटिंगमध्ये. रविवारी केला तर आई, नंतर बोलूया. सोमवारी मी मोबाईलवर बारा ओळींचा निरोप लिहिला, काना-मात्रा तपासून, आणि उत्तरादाखल तू अंगठा पाठवलास. पूर्वी ज्यांना लिहिता येत नसे ते अंगठा उठवायचे. तू पीएच.डी. आहेस. म्हणून हा कागद. खालच्या मजल्यावरची मधुरा तुमच्याच बाजूला नोकरीला जाते. ती तुझ्या हातात देईल आणि दिल्याचं मला सांगेल.

वह्यांबद्दल आधी. तू दोन वर्षांपूर्वी आलीस, सोफ्यावर पाय घेऊन बसलीस आणि सांगितलंस की तुम्ही बिनमाणसाचं छोटं विमान करताय, बराकपूरच्या काठावरून नदीपलीकडे रक्ताच्या पिशव्या आणि औषधं नेणारं. त्याला चालवणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमधल्या खोट्या वाऱ्यात लाखो वेळा उडतो, पडतो, पडला की त्याचे गुण कापले जातात, आणि असं पडत पडत तो शिकतो. मला ते फार आवडलं होतं. शिक्षणाची हीच एक पद्धत मला माहीत आहे. पण तो खोटा वारा खरा वाटायला हवा, त्यासाठी या भागातल्या वाऱ्याच्या मिनिटामिनिटाच्या जुन्या नोंदी हव्यात आणि त्या कुठेच मिळत नाहीत, असं तू म्हणालीस. मी उठले आणि ट्रंक उघडली. बराकपूरच्या शाळेच्या गच्चीवर वारा मोजायचं फिरत्या वाट्यांचं यंत्र होतं, त्याची तबकडी खाली प्रयोगशाळेत. रोज तीन वेळा, आणि वारा उठला की दर मिनिटाला. एकोणचाळीस वह्या. तू माझ्या गळ्यात पडलीस. इतक्या वर्षांत माझ्या कामाचा कोणाला उपयोग झाला, या आनंदात मी त्या दिवशी वरणाला फोडणी द्यायची विसरले आणि बाबांनी ते तसंच जेवून घेतलं.

त्या वह्यांचं तू काय केलंस ते मला शुक्रवारी कळलं. सरासरीपासून फार लांब गेलेले आकडे मोजणाऱ्याची चूक समजून प्रोग्रॅमने आपोआप वगळले. तेवीस. याला तुम्ही आकडे स्वच्छ करणं म्हणता. मी घरी आले, तू परत केलेल्या वह्या काढल्या आणि सभागृहात वाटलेल्या तुझ्या पुस्तिकेतल्या यादीवरून ते तेवीस आकडे एकेक करून शोधले. मला दोन दिवस लागले. तुमच्या टोळीतल्या कोणाला दोन मिनिटं सापडली असती तर दिसलं असतं की तेवीसच्या तेवीस नोंदी मार्चअखेर ते मे एवढ्या काळातल्या आहेत आणि सगळ्या दुपारी साडेतीन ते संध्याकाळी सातमधल्या. नूपुर, चुका पंचांग बघून होत नाहीत. माझा हात थरथरत असता तर श्रावणातही थरथरला असता. तू बराकपूरला लहानाची मोठी झालीस. वायव्येकडून आभाळ काळं झालं की दोरीवरचे कपडे काढायला माझ्यापुढे पळायचीस. कालबैशाखी म्हणजे काय ते तुला मी सांगायला हवं का? पाच मिनिटांपूर्वी पान हलत नसतं आणि पाच मिनिटांनी पत्रे उडतात. तुझ्या प्रोग्रॅमच्या लेखी अशी गोष्ट जगात होतच नाही, कारण तू ती त्याला कधी दाखवलीच नाहीस. अवघड प्रश्न गाळून सराव करून घ्यायचा आणि वर शंभर टक्के निकाल म्हणून फलक लावायचा, असले खाजगी क्लास मी पुष्कळ पाहिलेत. माझी लेक तसला क्लास काढेल असं वाटलं नव्हतं.

आणि पहिलं उड्डाण कधी, तर रविवार, १२ एप्रिल, संध्याकाळी साडेचार. सकाळी का नाही, तर पाहुण्यांना सकाळी जमत नाही. चाळीस किलोचं यंत्र, चैत्र संपत आलेला, घाटावर रविवारची गर्दी, पोरंबाळं, म्हातारीचे केस विकणारे, आणि वेळ पाहुण्यांच्या सोयीची. तू म्हणशील विमानात माणूस नसतो. खाली असतो. तू म्हणशील हवामानाचा इशारा बघूनच उडवणार. इशारा असूनही लोक काय करतात, ते मला विचार.

आता जे या घरात कोणी बोलत नाही, ते लिहिते. बाबा लंगडतात ते ग्लायडरच्या अपघातामुळे आणि त्यात त्यांच्याबरोबर बसलेले श्यामरावकाका गेले, एवढं तुला माहीत आहे. चूक बाबांची होती, हेही तुला माहीत आहे, कारण ते स्वतःच तसं सांगतात. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. बारासातच्या रस्त्याला, आमच्या शाळेपासून आग्नेयेला बारा किलोमीटरवर त्यांच्या क्लबचं मैदान होतं. दर रविवारी बाबांचा जीव तिथे. नोकरी केंद्र सरकारची, मन इंजिन नसलेल्या विमानात. वादळ आमच्याकडून त्यांच्याकडे जायचं. गच्चीवरचा वारा मैदानावर पोहोचायला साधारण बारा मिनिटं लागायची. हा हिशोब मीच काढला होता, याच वह्यांवरून. म्हणून आमची एक रीत होती. एप्रिल-मेच्या रविवारी मी प्रयोगशाळेत तबकडीसमोर बसायचे. काटा उसळला की ऑफिसात जाऊन मैदानावर फोन करायचा, तिथे लाल बावटा चढायचा आणि उडणं बंद. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. सरकारी इशारा यायच्या आत माझा फोन जायचा, याचा बाबांना अभिमान होता.

एप्रिल १९९४ च्या दहा तारखेला, रविवारी, मी फोन केला आणि वारा आलाच नाही. वाटेत विरला. दीड तास सगळे बावटा लावून उन्हात बसले. संध्याकाळी श्यामराव बाबांबरोबर आमच्याकडे चहाला आले. त्यांचा स्वभाव तुला आठवत असेल, बँकेतला माणूस पण तोंडात सतत चेष्टा. म्हणाले, वहिनी, तुमचं गृहखात्याचं हवामान केंद्र बंद करा आता, नवऱ्याला रविवारी घरी बोलवायचं असेल तर सरळ निरोप पाठवत जा. बाबा हसले. त्यात काही नव्हतं. चहाच्या वेळची चेष्टा. पण मी माझ्या हिशोबावर हसू ऐकायला शिकलेली नव्हते. आठवडाभर मी बाबांशी कामापुरतं बोलले. पुढच्या रविवारी ते निघाले तेव्हा दारात थांबून म्हणाले, बसशील ना गं तबकडीपाशी? मी म्हणाले, बसेन, माझी वही आहे, तुमच्यासाठी नाही.

१७ एप्रिल. तू सुधामावशीकडे होतीस. चार पस्तीसला वारा ताशी अकरा किलोमीटर होता. चार छत्तीसला शहाण्णव. तुझ्या लाल वर्तुळातला तो आकडा. तारीख तुझ्या लक्षात आली नाही यात तुझी चूक नाही, या घरात ती तारीख कोणी उच्चारत नाही. बाबा आणि श्यामराव चार एक्केचाळीसला वर गेले आणि चार अठ्ठेचाळीसला, उतरताना, वाऱ्याने त्यांना गाठलं. चौकशीत दूरच्या केंद्राची अधिकृत नोंद धरली गेली. तिथे वारा बावन्नचा होता. एवढा वारा अनुभवी माणसाला सांभाळता यायला हवा होता, म्हणून वैमानिकाची चूक, असा निष्कर्ष निघाला. बाबांनी तो मान्य केला. पुन्हा कधी उडाले नाहीत. श्यामरावांच्या घरी दर वर्षी काठी टेकत जाऊन आले, त्या घरातलं शेवटचं माणूस जाईपर्यंत. आणि शहाण्णवचा आकडा ट्रंकेत होता. चौकशीपुढे एक वही ठेवली असती तर त्यांच्या नावावरचा डाग पुसला गेला असता. मी ठेवली नाही. वही दाखवली असती तर पुढचा प्रश्न आला असता की बाई, तुम्हाला चार छत्तीसलाच कळलं होतं, मग फोन? दोन वर्षांपूर्वी तुला ट्रंक उघडून दिली तेव्हा ती एक वही बाजूला काढावी असं मनात आलं होतं. नाही काढली. कोणाच्या तरी नजरेला पडावी असं वाटलं असेल. पडली, आणि तू तिला चूक म्हणालीस.

शुक्रवारी बाबा घरी आले. काठी कोपऱ्यात ठेवली, खुर्चीत बसले आणि म्हणाले, शहाण्णव होता गं वारा? मी म्हणाले, होता. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, बत्तीस वर्षं वाकून चालला, आणि ते ऐकून खुर्चीत ताठ बसला. मग, माझ्याकडे न बघता, म्हणाले, त्या दिवशी शाळेचा फोन बंद असणार. मी म्हणाले, हो. नूपुर, फोन चालू होता. मी ऑफिसात जाऊन रिसीव्हर उचलला होता, टोन येत होता, आणि मला श्यामरावांचं हसू ऐकू आलं. म्हटलं, बसू देत त्यांच्या हुशारीवर. रिसीव्हर खाली ठेवला आणि प्रयोगशाळेत परत येऊन पुढच्या मिनिटाचा आकडा लिहिला. म्हणून हे पत्र. तेव्हा हसण्याला घाबरून मी एक निरोप दिला नाही. या खेपेला सगळ्या सभागृहाने खुशाल हसावं, मी निरोप देणार. तेवीसच्या तेवीस नोंदी परत घे, तुझ्या प्रोग्रॅमला त्या वाऱ्यात हजार वेळा पडू दे, आणि तो शिकेपर्यंत संध्याकाळी काही उडवू नकोस. हे तू करते आहेस, आणि १७ एप्रिल १९९४, चार वाजून छत्तीस मिनिटं, ताशी शहाण्णव किलोमीटर ही नोंद बरोबर आहे, असं मला संस्थेच्या कागदावर सहीनिशी लिहून पाठव. शनिवार, ४ एप्रिल, दुपारी बारापर्यंत. अंगठा चालणार नाही. तो कागद मी बाबांना वाचून दाखवणार आहे आणि त्यानंतर फोनचं सांगणार आहे. कागद हातात नसेल तर माझी जीभ पुन्हा हो म्हणेल, ती मला चांगली माहीत आहे. तेव्हा बाराच्या आत.

वाढवून काहीही न सांगणारी,
तुझीच,
आई