वारा मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे

६ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.
पहिलीच्या वर्गावर रुजू झालो. मूळच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, म्हणून कागदोपत्री मी बदली शिक्षक. पण एकदा बाळ झाल्यावर कुणाला परत यावंसं वाटतं? मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, शाळा सुटेपर्यंत मुलं धडधाकट राहिली तरी पुष्कळ झालं. पहिल्याच दिवशी एवढा विश्वास!

८ सप्टेंबर
हिला प्लॅन सांगितला. ही मुलांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. नर्सिंगचा कोर्स करायचं तिच्या फार मनात आहे. जुनी पुस्तकं आणून टेबलावर रचून ठेवलीत. मी परमनंट झालो की तिनं नोकरी सोडून ॲडमिशन घ्यायची, असं आमचं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय. ती म्हणाली, आधी तुम्ही टिका. छापखाना, विमा कंपनी आणि ड्रायव्हिंग स्कूल यांना उद्देशून होतं ते. तिन्हीकडची माणसं कोत्या मनाची होती, त्याला मी काय करणार?
प्लॅन असा: हवामान. मुलं स्वतःच्या हातानं उपकरणं बनवणार, रोज मोजणार. शेवटी पालकांसमोर कार्यक्रम. मग मला सोडायची कुणाची छाती आहे?

१२ सप्टेंबर
पर्जन्यमापक तयार. प्लॅस्टिकची बाटली कापून वरचा भाग उलटा आत बसवला, बाहेरून पट्टी चिकटवली. मुलं खूश.
दोन वेण्या घालणारी एक मुलगी आहे, तिला मी मनात वकीलबाई म्हणतो. तिनं विचारलं, सर, पाऊस दिसतो की, मग मोजायचा कशाला? प्रश्न उत्तम आहे, उद्या उत्तर देतो, म्हणालो.

१४ सप्टेंबर
पाऊस नाही, तरी बाटलीत बोटभर पाणी! मुलांना सांगितलं, याला पावसाची स्थानिक सर म्हणतात. फळ्यावर नोंद केली. तेवढ्यात शिपाई येऊन म्हणाला, सर, रंग बघा जरा. तेव्हा भोपळ्यानं (गुटगुटीत आहे, गाल वर आलेत) हात वर करून सांगितलं की बाथरूम फार लांब आहे.
नोंद पुसली. बाटली धुतली. भोपळ्याचं मोजमापाकडे लक्ष आहे, हे मात्र मान्य करायला हवं.

२१ सप्टेंबर
वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण बसवला. पुठ्ठा, स्ट्रॉ, टाचणी. गोंद जरा सढळ हातानं पडला असावा. बाण सकाळपासून मुख्याध्यापिकांच्या खोलीकडेच आहे. बाईंना जाऊन सांगितलं, सगळा वारा तुमच्याकडूनच येतोय. बाई हसल्या नाहीत. पण रागावल्याही नाहीत. चांगली खूण.

२९ सप्टेंबर
वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र: आडव्या काड्यांना चार कागदी कप. वाऱ्यानं फिरेना. सगळ्या वर्गानं मिळून फुंकर मारली. भोपळ्याला चक्कर आली.
तापमापकही झाला. बाटलीत रंगीत पाणी आणि स्ट्रॉ. मधल्या सुट्टीत तो कुणीतरी पिऊन टाकला. आता तापमान बाटलीच्या तळाशी आहे.
खचून जायचं कारण नाही.

६ ऑक्टोबर
अखेर यश! हवेचा दाब मोजायचं यंत्र. बरणीच्या तोंडावर फुगा ताणून बसवायचा, त्यावर स्ट्रॉ चिकटवायची. दाब वाढला की फुगा आत दबतो, स्ट्रॉचं टोक वर जातं: हवा चांगली. टोक खाली: पाऊस. दोन फुगे मुलांनी फोडले, म्हणून तिसरी बरणी स्टाफरूममध्ये नेली, एसीच्या अगदी समोर. तिथे कुणी हात लावत नाही. तासाभरात टोक वर! चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, गारठ्यानं होत असेल. कलेच्या माणसांना विज्ञानात बोलायची फार हौस.

१४ ऑक्टोबर
कार्यक्रम अठराला. हॉल नाचाच्या तालमीला दिलाय, म्हणून मैदानात. मुख्याध्यापिकांनी विचारलं, पाऊस आला तर? मी त्यांना हाताला धरून (म्हणजे अदबीनं) बरणीपाशी नेलं. टोक वर.
पालकांना चिठ्ठी पाठवली. छत्र्या, रेनकोट पाठवू नयेत. आपल्या पाल्याच्या निरीक्षणावर विश्वास ठेवावा. शेवटचं वाक्य माझंच. हिला वाचून दाखवलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

१८ ऑक्टोबर, सकाळी
टोक इतकं वर कधीच नव्हतं. घरून निघताना ही म्हणाली होती, अहो, आभाळ भरलंय, छत्री तरी न्या. आभाळ दिसतं तसं नसतं, म्हणालो.
वकीलबाई रेनकोट घालून आली. तिच्या बाबांनी चिठ्ठी वाचलेली दिसत नाही. सगळ्यांसमोर तिला तो काढायला लावला आणि वर्गात खुंटीला टांगला. ती म्हणाली, पण सर, मला बाहेर काळं दिसतंय. प्रेमानं समजावलं, की दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं. तिचे डोळे भरून आले. विज्ञान कठोर असतं.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी
थोडा पाऊस झाला.
मुख्याध्यापिकांचं भाषण सुरू होतं. आधी वारा आला आणि मांडवाचं कापड एका बाजूनं सुटलं. पालक खुर्च्या डोक्यावर घेऊन पळाले. पण कप फिरत होते! पहिल्यांदाच, गरागरा. मी ओरडलो, मोजा, मोजा! आणि मुलं मोजायला लागली. एकही मूल जागा सोडून पळालं नाही. वीसपर्यंतच येतात त्यांना, त्यामुळे वीस झाले की पुन्हा एकपासून. चिंब भिजून, नाचत. एवढा आनंद मी कुठल्याच वर्गात पाहिला नाही. आया येऊन एकेकाला ओढून नेईपर्यंत मोजत होती.
मुख्याध्यापिका भिजलेल्या कागदांकडे बघत उभ्या होत्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

२१ ऑक्टोबर
वर्गात उपस्थिती किंचित कमी. भोपळा आणि आणखी दोघं, एवढेच आले. जोडसुट्टी घेतली असेल बाकीच्यांनी.
ही उशिरा आली. पर्स ठेवली, पाणी प्यायली. मग म्हणाली, आज दवाखान्यात तुमचा वर्ग भरला होता. मी म्हणालो, हवाच वाईट आहे सध्या. तिनं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, दोन वेण्यांची मुलगी आहे ना, तिला ॲडमिट करायला पाठवलं. छाती भरलीय. तिच्या आईनं मला विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात? मी सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर
हॉस्पिटलमध्ये जाऊन आलो. वकीलबाईचा ताप उतरतोय, दोन दिवसांत सोडतील. कॉटवर फार लहान दिसत होती. बाबा उठून बाहेर गेले. आईनं खुर्ची दिली, पण बसा म्हणाली नाही. उभाच राहिलो.
मी येताना पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. तिनंच विचारलं, सर, त्या दिवशी पाऊस किती पडला?
खूप, म्हणालो.
खूप म्हणजे किती?
पर्जन्यमापक त्या दिवशी मी आतच ठेवला होता. ओला होऊन पट्टी सुटेल म्हणून.
उद्या सांगतो, म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही नेहमी उद्या म्हणता. आवाज बसला होता, तरी ऐकू आलं.

२७ ऑक्टोबर
मुख्याध्यापिकांनी बोलावलं. मूळच्या बाई सोमवारपासून रुजू होतायत, बाळाला त्यांची आई सांभाळणार आहे. मी विचारलं, मग मला कुठला वर्ग? बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, घरी आराम करा. इतक्या काळजीनं कोण बोलतं? दुसरीचा वर्ग रिकामा झाला की बोलावतीलच.
पालकांची तक्रार आलीय, तीन पानी. वाचायला दिली नाही. शिपाई म्हणाला, बरं झालं.

२८ ऑक्टोबर
मुलांचा निरोप घ्यायला वर्गात गेलो. मूळच्या बाई बाळाला घेऊन भेटायला आल्या होत्या. सगळी मुलं बाळाभोवती. मी दारात जरा उभा राहिलो. भोपळ्यानं वळून पाहिलं, आणि कुणीतरी बाळाचा हात धरू दिला म्हणून पुन्हा आत घुसला.
हिला सगळं सांगितलं. थोडं सोपं करून. तिनं टेबलावरची पुस्तकं उचलून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. स्टुलावर चढून. मी म्हणालो, अगं, जूनला अवकाश आहे. ती म्हणाली, बघू पुढच्या वर्षी. स्टूल मी धरलं होतं.

३१ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी लवकर उठलो. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, डबा घेतला आणि जिना उतरलो. फाटकापाशी लक्षात आलं.
परत आलो. ही दवाखान्यात जायला निघाली होती. जिन्यात भेट झाली. बाजूला होऊन तिनं मला वर जायला वाट दिली.
डबा जेवणाच्या वेळेला उघडला. टेबलावर बसून, डब्यातूनच खाल्लं. गार झालं होतं.