सुफ्लेला वाट पाहता येत नाही

ल्यों,
रविवार, १२ फेब्रुवारी १९७८

प्रिय ओदिलताई,

तू बरी असशील असं धरून चालतो. आँबेरला अजून बर्फ असेल आणि कुणाचंही न ऐकता तू लाकडं आणायला स्वतःच कोठारापर्यंत जात असशील. अक्षर ओळखलंस ना? ओळखलं असशील तर आधी खुर्चीवर बस आणि मग वाच. मी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. यातलं तिसरं खोटं आहे, पण त्याकडं शेवटी येतो.

इकडची खबरबात सांगतो. मी अजून केसांचे टोप करतो, नाटकवाल्यांसाठी. या हिवाळ्यात एका राणीचा टोप केला. चाळीस दिवस एकेक केस गाठ मारून बसवत होतो. डोळे गेले म्हण ना. चष्मा लागला आहे आणि माझे स्वतःचे केस मात्र निम्मे गळाले आहेत. सुताराच्या घरी मोडका पाट म्हणतात ते काही खोटं नाही.

बर्त्रां तुला माहीत नाही. म्हणजे असा कुणीतरी असणार हे माहीत आहे, नाव माहीत नाही. तो शाळेत भूगोल शिकवतो. सगळ्या जगातल्या नद्या त्याला पाठ आहेत आणि आपल्याच घरातलं मीठ सापडत नाही. त्याची बायको गेली तेव्हा रेमी, त्याचा मुलगा, तीन वर्षांचा होता. मी त्या घरात आलो त्याला आता एकवीस वर्षं झाली. रेमीचा पहिला पडलेला दात माझ्या टाचण्यांच्या डबीत अजून आहे. एवढं सांगितलं की पुरे.

तर रेमीचं लग्न ठरलंय. मुलगी आन्येस. हसरी आहे, हट्टी आहे आणि माझ्या हातचं दोनदा मागून घेते, त्यामुळं मला तिच्यात खोट दिसत नाही. तिचे वडील ह्युबेर शार्दों, मूलाँचे नोटरी. तीन पिढ्यांचे नोटरी, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, आणि आताशा जगाचं सगळं बिघडत चाललंय असं ठाम मत. आईचं नाव सोलांज. रेमीनं त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की बाबा विधुर आहेत. पुढचं त्यांनी विचारलं नव्हतं. मग त्यांनी कळवलं की जानेवारीच्या शेवटच्या रविवारी जेवायला येतो, घर बघतो, माणसं बघतो.

आणि असं ठरलं की त्या दिवशी मी स्वयंपाकी.

हसू नकोस. नाही, हस. आम्हीही हसलो होतो, आधी. बर्त्रांनं आमच्या खोलीतला पलंग उचलून त्या जागी एकट्या माणसाची खाट टाकली आणि वर चादर एवढी घट्ट ओढली की ती खाट एखाद्या सैनिकाची वाटायला लागली. भिंतीवर क्रूस लावला. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीकडून उसना आणलेला. ती म्हणाली, "परत करताना पुसून द्या, आणि खोटं बोलणार असाल तर त्याच्या समोर बोलू नका." माझे टोप, ते ज्यांच्यावर चढवतो ती लाकडी डोकी, सगळी बावीस डोकी, कुठं लपवायची? शेवटी न्हाणीघरातल्या टबात रचली आणि पडदा ओढून घेतला.

पाहुणे बरोब्बर साडेबाराला आले. मी पांढरा ॲप्रन बांधून दार उघडलं, कोट घेतले, "या मादाम, या मेस्यू" म्हणालो. व्याही उंच, काठीसारखे सरळ. विहीणबाई लहानखुऱ्या, राखाडी केसांच्या. केस स्वतःचेच होते, मी ते आधी बघतो. त्यांनी कोट माझ्या हातात देताना माझ्या तोंडाकडं बघितलं. नोकराकडं असं कुणी बघत नाही.

मग व्याही म्हणाले, "हात धुवायचेत." बर्त्रां पांढरा पडला. रेमी म्हणाला, "स्वयंपाकघरात धुवा ना, तिथं पाणी गरम आहे." पण व्याही शिस्तीचे. त्यांनी न्हाणीघराचं दार उघडून आत पाऊल टाकलंदेखील. पडद्याच्या फटीतून ती राणी बाहेर बघत होती, पांढराशुभ्र टोप घालून, आणि तिच्या खांद्याशी दोन पाद्री आणि एक टकला न्यायाधीश. आतून एक बारीकसा आवाज आला. मग बराच वेळ फक्त नळाचं पाणी. व्याही बाहेर आले, हात नीट पुसले आणि म्हणाले, "छान प्रशस्त घर आहे." ताई, खानदानी माणसाचं हे बरं असतं. दुसऱ्याच्या न्हाणीघरात त्याला काही दिसलंच नाही असं तो मरेपर्यंत म्हणू शकतो.

मी चीजचा सुफ्ले केला होता. आईचाच, अंड्यांचा पांढरा फेस फेटून, आपल्या डोंगरातलं चीज घालून. तुला आठवतं ना, आई म्हणायची, माणसानं सुफ्लेची वाट पाहावी, सुफ्ले माणसाची पाहत नाही. तो भट्टीतून असा काही टम्म फुगून आला की मलाच अभिमान वाटला. टेबलावर नेला. बर्त्रां, रेमी, आन्येस, व्याही, विहीणबाई, पाच ताटल्यांत वाढला आणि स्वयंपाकघरात परत आलो. दार थोडं उघडं ठेवलं. सरपणाच्या पेटीवर बसलो आणि काट्यांचा आवाज यायची वाट बघू लागलो.

आवाज येईना.

मी फटीतून पाहिलं. पाच ताटल्यांतून वाफ निघतेय आणि पाच माणसं हात मांडीवर ठेवून गप्प बसलीत. मला आधी वाटलं, प्रार्थना चालली असेल. पण बर्त्रांचे डोळे उघडे होते आणि ते स्वयंपाकघराच्या दाराकडं होते. रेमीचेही. आन्येसचेही, कारण तीही वर्षभर आमच्याकडं जेवते आहे.

ताई, आम्ही सगळ्याची तालीम केली होती. खाटेची, क्रूसाची, मेस्यू-मादामची. या एका गोष्टीची आठवण कुणालाच झाली नाही. आपल्या घरचा नियम, घरच्या बाईनं काटा उचलल्याशिवाय कुणी उचलायचा नाही, तो मी इथं आणला. रेमीला मीच शिकवलं, हात मांडीवर ठेवून बस. एकवीस वर्षं मी वाढतो, ॲप्रन काढतो, बसतो, काटा उचलतो, आणि मग ही दोघं जेवतात. सवयीचं असं असतं की ती आपली आपल्याला दिसत नाही. ती दोघं कुणाची वाट बघताहेत हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. आणि पाहुणे बिचारे यजमानाची वाट बघत होते. मध्ये सुफ्ले बसायला लागला. मला त्याचा फुगलेला माथा खाली जाताना दिसत होता आणि मी पेटीवरून उठू शकत नव्हतो.

शेवटी विहीणबाई बोलल्या. अगदी हळू, कुणी मीठ मागावं तशा. "मेस्यू बर्त्रां, या घरात आपण कुणासाठी थांबतो?"

बर्त्रां खरंच मीठ शोधावं तसा टेबलभर बघू लागला. जगातल्या सगळ्या नद्या आटल्या होत्या.

रेमी उठला. कपाटातून सहावी ताटली काढली, आपली खुर्ची सरकवली आणि मध्ये स्टूल ओढून ठेवलं. "सिल्व्हँसाठी," तो म्हणाला. "तो स्वयंपाकी नाही. मला त्यानं वाढवलंय. इतके दिवस सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही, त्याची लाज मला आहे. त्याची नाही."

ताई, आता मागं जायला हवं. वर मी "ठरलं" असं लिहिलंय. ते खोडत नाही, पण ते खरं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. पाहुणे येणार हे पत्र ज्या दिवशी आलं, त्या दिवशी रेमी मला काहीतरी सांगायला स्वयंपाकघरात आला होता. त्यानं "सिल्व्हँ, ऐक" एवढं म्हटलं आणि मी घाईघाईनं म्हणालो, "मी स्वयंपाकी होतो, कसं?" तो काय सांगणार होता ते मी ऐकूनच घेतलं नाही. मला वाटलं, पोरगं मला लपायला सांगणार. त्यानं सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग "ठीक आहे" म्हणाला. त्या गप्प राहण्याचा मी दोन आठवडे भलताच अर्थ लावत होतो. परवा विचारलं तेव्हा म्हणाला, "मी विचारायला आलो होतो, त्यांना खरं कसं सांगू. तूच नको म्हणालास, मग मला वाटलं, तुलाच नको असेल."

माणूस एकदा स्वयंपाकघरात जेवला की त्याला तिथली पेटीच आपली वाटायला लागते. मी काय म्हणतोय ते तुला कळतंय.

पण आधी ते जेवण संपवतो. मी बाहेर आलो. ॲप्रनची गाठ सुटेना. बावीस डोक्यांवर केसाकेसाची गाठ मारणारा मी, मला एक नाडी सुटेना. विहीणबाई उठल्या, माझ्या पाठीमागं आल्या आणि त्यांनी ती सोडली. म्हणाल्या, "बसा आता. थंड झालाय, पण वास चांगला येतोय." मी स्टुलावर बसलो. सगळे माझ्याकडं बघत होते, व्याही सोडून. ते आपल्या ताटलीकडं बघत होते. मी काटा उचलला. मग बर्त्रांनं उचलला, रेमीनं, आन्येसनं, विहीणबाईंनी. आणि अगदी शेवटी, बऱ्याच वेळानं, व्याह्यांनी.

जेवणाच्या शेवटी चीज आलं, तेव्हा व्याह्यांनी त्याचा एक तुकडा कापून चाखला. मग म्हणाले, "हे कुठलं?" मी म्हटलं, "आँबेरचं, आमच्या गावचं." ते म्हणाले, "हं." जाताना त्यांनी हातमोजे चढवले आणि मग मोजा घातलेला हात माझ्यापुढं केला. मोजा होता, पण हात होता. मी धरला. उंबऱ्याबाहेर गेल्यावर म्हणाले, "टबातली ती राणी जरा डावीकडं कललीय." बर्त्रां अजून रोज एकदा हे आठवून हसतो.

काल विहीणबाईंचं पत्र आलं. छोटंसंच आहे, तसंच उतरवतो. "लग्नाच्या दिवशी नवरदेव आईच्या हातात हात घालून चर्चमध्ये शिरतो, ही रीत. आई नसेल तर जिनं किंवा ज्यानं वाढवलं त्याच्या. आमचे पाद्री म्हणाले, असं कुठं लिहिलेलं नाही. मी म्हटलं, असं करू नये असंही कुठं लिहिलेलं नाही. माझे यजमान कुरकुरताहेत. छत्तीस वर्षांचा माझा अनुभव आहे की कुरकुरत असले म्हणजे ते येतात. गडद निळा कोट घाला."

मी ते पत्र वाचलं आणि बर्त्रांपुढं रडलो. कृतज्ञता हा शब्द मला शाळेतल्यासारखा वाटायचा. आता वाटत नाही. आणि रडता रडता मला त्या बाईंच्या आधी तू आठवलीस.

एकोणीसशे बावन्न. बाबांना माझ्याबद्दल कळल्याच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. टेबलावर चार ताटल्यांच्या जागी तीन होत्या. आईनं माझी ताटली स्वयंपाकघरात ठेवली होती, आणि मग ती बाहेर बसली आणि तिनं काटा उचलला. माझ्याशिवाय. मी सरपणाच्या पेटीवर बसलो होतो. मग दार उघडलं आणि तू तुझी ताटली घेऊन आत आलीस. माझ्या शेजारी बसलीस. कोबीचं सूप होतं. तू माझ्या हातात चमचा दिलास आणि मी सुरू करेपर्यंत थांबलीस.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं मी निघून आलो, तुला न सांगता. तू अकरा पत्रं लिहिलीस, दर नवीन वर्षाला एक. सगळी मिळाली. सगळी वाचली. एकालाही उत्तर दिलं नाही आणि मग तुझीही थांबली. लोकांना मी सांगत आलो की घरच्यांनी मला टाकलं. बर्त्रांलाही तेच सांगितलं. तू टाकलं नव्हतंस. मला पेटीवर बसून जेवताना तू पाहिलं होतंस, म्हणून मला तुझं तोंड पाहवत नव्हतं. ज्या माणसानं साथ दिली त्याचाच मी राग धरला, कारण त्याच्यापाशी माझी लाज होती. रेमी त्या दिवशी म्हणाला ना, लाज माझी आहे, त्याची नाही. ते मला सव्वीस वर्षांनी एका पोरानं शिकवलं. तुझे आभार मी कधीच मानले नाहीत. आज मानतो. तू त्या दिवशी माझ्यासाठी थांबली नसतीस, तर पुढं कुणाला माझ्यासाठी थांबायला शिकवण्याची माझी हिंमत झाली नसती.

आता सुरुवातीचं ते तिसरं, खोटं वाक्य, मला तुझ्याकडून काही नको म्हणालो ते. लग्न बावीस एप्रिलला आहे, शनिवारी, मूलाँला. मुलीकडच्या बाजूला सात बाकं भरतील. आमच्या बाजूला पहिल्या बाकावर बर्त्रां एकटाच असेल, कारण मी रेमीबरोबर चालत येणार. मी पोचेपर्यंत तिथं माझ्या घरचं कुणी बसलेलं असावं असं मला वाटतं. गाडीची वेळ बर्त्रांनं वेगळ्या कागदावर लिहिली आहे, नकाशासकट. त्याला नकाशाशिवाय राहवत नाही. येणं जमलं नाही तरी तू मला काही देणं लागत नाहीस, हे लक्षात ठेव.

पण आलीस तर जेवणाच्या टेबलावर तुझी जागा माझ्या शेजारी आहे. समोर काहीही वाढलेलं असो, कितीही गरम असो, ते थंड झालं तरी चालेल. तू काटा उचलल्याशिवाय मी उचलणार नाही.

हात मांडीवर ठेवून बसलेला,
तुझा धाकटा भाऊ
सिल्व्हँ