खालची अक्षरं

मंगळवार, दिवेलागणीला

कानाशी वरडल्याबिगर मला ऐकू येत न्हाई, म्हणून नात पिंकी व्हिडिओखाली अक्षरं टाकून देती. हिंजवडीच्या कंपनीत तिचं कामच ते, बहिऱ्यांसाठी. माझ्या वाढदिवसाच्या व्हिडिओत लेकाचं तोंड लई येळ हललं, आन् खाली एवढंच, ‘सगळे हसतात’. शेजारच्या शेवंताला ऐकाया लावलं.

“जाऊ दे की, आक्का,” शेवंता कानाशी वरडली.

दटावली, तवा परत वरडली, “म्हणतोय, म्हातारी गेली की खोलीत भाडेकरू ठिवू.”

लेकाचं काय, तो तोंडावरबी तेच बोलंल. पण पिंकीनं ऐकून ‘सगळे हसतात’ लिवलं? सगळ्यांत तीबी आली का? इचारलं, तर फोनवर लिवून दावती, “आज्जे, तुला वाईट वाटलं असतं.”

माझं वाईट मला वाटू दे की! तू कोण गाळणारी?

आता अक्षरं न्हाई वाचायची. तोंडं बघायची.