मोगऱ्याचा हिवाळी बंदोबस्त

११ नोव्हेंबर २००५, शुक्रवार, जुम्म्यानंतर
ठिबकचा अमेरिकन सेट आणला. टायमर, पन्नास फूट नळी, बारा तोट्या. प्लंबर बोलावणार नाही. सातवी पास असलो तरी इथं दोह्यात कंपनीचं स्टोअर सव्वीस वर्षं कॅटलॉग वाचूनच सांभाळलं. २० जानेवारीला डोळ्याच्या ऑपरेशनला रत्नागिरीस जायचं आहे. दोन महिने. तेवढ्यात माझ्या बायकोचा, रुकैयाचा मोगरा मरता कामा नये. राजापूरहून डालड्याच्या डब्यात, विमानात मांडीवर घेऊन आली होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मोगरा आहे.

१३ नोव्हेंबर
सिस्टिम चालू. पाणी जोरात आलं, फक्त दिशा चुकली. शेजारच्या पोर्शनमधला सुरेश (नाशिकचा, इंजिनिअर) म्हणाला, "काका, शर्ट सकाळीच धुतले होते." नळी फिरवली. एकंदरीत यशस्वी.

१८ नोव्हेंबर
माहितीपत्रकाची मागची बाजू वाचली. बरं झालं वाचली. हिवाळ्याआधी नळी रिकामी करा, पाणी बंद करा, नळ गुंडाळा; झाडं मार्चपर्यंत झोपतात, पाणी लागत नाही. म्हणजे माझ्या जाण्याचा प्रश्नच मिटला.
सुरेश म्हणे, "काका, ते बर्फाच्या मुलखातलं. इथं हिवाळा म्हणजे झाडांचा सुगीचा काळ." कंपनीला काय वेड लागलंय पानभर छापायला?

१९ नोव्हेंबर
सिस्टिम झोपवली. नळाला रुकैयाने शिवलेली वाकळ गुंडाळली. सुरेश: "नळाला सर्दी झाली का?" दुर्लक्ष केलं.

२२ नोव्हेंबर, सकाळी ६
मोगऱ्याखालची माती ओली. नळी कोरडी, वाकळ कोरडी. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ही नोंद टेक्निकल आहे.

२५ नोव्हेंबर
आजही ओली. टोमॅटोने मान टाकली. झोप लागली असावी. माझ्या कुडत्याची बाही भिजलेली. दव.
बधना, वजूचा तोटीचा तांब्या, मागच्या पायरीवर सापडला. नबीलाला बोललो, सूनबाई, वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात. ती म्हणाली, "अब्बा, अम्मींच्या बधन्याला मी हात लावत नाही."
खरं आहे. रुकैयाचं मनगट शेवटी कामातून गेलं होतं. फजरच्या, पहाटेच्या नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला ती मोगऱ्यापाशी बसायची, पाणी मी घालायचो. पाणी वायाही जात नसे.

३ डिसेंबर
मोगऱ्याला कळी. डिसेंबरात. झोपायचं सोडून हा काय प्रकार? पहाटे अंगणात रुकैयाच्या खोकल्यासारखं काही ऐकू आलं. मांजर असेल. मागच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली उशीखाली.

४ डिसेंबर
माती ओली. किल्ली माझ्या कुडत्याच्या खिशात निघाली. उशीखालून घसरली असणार.

१७ डिसेंबर
टोमॅटो, वांगी, कढीपत्ता, सगळे गाढ झोपेत. सुरेशने एक काडी मोडून दाखवली. "काका, झोपले नाहीत हो. गेले." म्हटलं, मार्चपर्यंत धीर धर. गेलेलं काय असतं ते मला शिकवू नकोस, हेही म्हणायचं होतं.
मोगरा तेवढा हिरवागार. खोलीपर्यंत वास येतो. झोप लागत नाही.

५ जानेवारी २००६
छडा लावायचा ठरवलं. नात अलिना सात वर्षांची, पण नजर घारीची. सुट्टीत आपणहून पहाटे उठते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी पहाऱ्याला बसवलं. बोली चॉकलेटची.

६ जानेवारी, नाश्त्यानंतर
अलिनाचा रिपोर्ट: "इट्स यू, दादा."
म्हटलं, नीट सांग. तिने उठून करूनच दाखवलं. अजान झाली की मी बधना भरून आणतो. दार उघडतो. मोगऱ्यापाशी वाकतो. हळूहळू पाणी घालतो, मग थांबतो. विचारतो, "पुरे?" जरा वाट बघतो. मग आणखी थोडं घालतो.
"हू आर यू आस्किंग, दादा?"
फैसल खिडकीबाहेर बघायला लागला. माझा मुलगा लहानपणापासून असाच, रडू आलं की खिडकी. नबीलाने चहा परत गरम करायला ठेवला. तो गरमच होता.
मी म्हटलं, पहाटे इन्स्पेक्शनला जातो, तेव्हा थोडंफार सांडत असेल.

७ जानेवारी
पहाटे जागेपणी गेलो. म्हणजे रोज जागाच असतो, पण आज लक्ष ठेवून. बधना वाकवला. तोंडातून "पुरे?" आपोआप निघालं. वाट बघितली. बराच वेळ.

९ जानेवारी
नबीला म्हणाली, "अब्बा, तुम्ही बिनघोर जा. मोगऱ्याला मी पाणी घालीन."
म्हटलं, नुसतं घालून भागत नाही. मध्ये थांबून विचारावं लागतं.
"विचारीन."
मग वाट बघावी लागते.
"किती वेळ, अब्बा?"
माहितीपत्रक दोन्ही बाजूंनी बघितलं. आकडा कुठे दिलेला नाही.
ती बाहेर गेली, नळाची वाकळ सोडून आणली आणि माझ्या पायांवर घातली. ओली नव्हती.
तिकीट पुढे ढकललं. फैसलने कारण विचारलं. टेक्निकल.