हातभर कमी पडलेली पट्टी

बाबा,

मी कामाला निघाले. आई अंघोळीहून आली की दुकानदाराशी भांडायला जाईल. तिला काहीही करून थांबवा.

तिचा हिशोब चोख आहे. आपल्या गोधड्यांचं माप तिला वर्षानुवर्षं पाठ आहे: दहा विती लांब, आठ विती रुंद. चारी बाजूंच्या छत्तीस, वर कोपरे आणि जोडासाठी दोन. मीटरपट्टी तिला कधी पटली नाही, म्हणून काठाची पट्टी तिनं दुकानात आपल्याच वितीनं मोजून घेतली. तरी हातभर कमी पडली. ‘मेल्यानं बोलण्यात गुंतवलं आणि मापात पाप केलं,’ हे कालपासून चाललंय.

त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. काल ती पुन्हा मोजत होती तेव्हा मी नीट पाहिलं. तिचा अंगठा पूर्वीसारखा ताणलाच जात नाही. गोधडीचं माप जुन्या हाताचं आहे, पट्टी आजच्या हाताची.

तसलीच थोडी पट्टी आणून मी मशीनखाली टाकली आहे. तुम्ही ती शोधून काढा आणि म्हणा, कापताना पडली असेल. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तेव्हा पेपरात डोकं खुपसूनच म्हणा.

शनिवारी मनगट दाखवायला मी डॉक्टरांकडे जाणार आहे, सोबतीला तिला नेईन. माझं मनगट ठणठणीत आहे.

आणि हो, सकाळी चहा करताना सगळ्या डब्यांची झाकणं सैल लागली. आधी तुमच्यावर चिडले, मग हात तिथेच थांबला.

बाबा, कधीपासून सैल करून ठेवताय?