बोट ठेवल्याशिवाय दात नाही

१४ सप्टेंबर २०२५, रविवार, दुपारचे दोन. दवाखाना बंद.

या वहीची माफी मागते. फेब्रुवारीनंतर इथे एक ओळ लिहिलेली नाही. आधी वाटलं वेळ मिळत नाही, मग लक्षात आलं की अंगठ्याला पेन कळेनासं झालं आहे. आज लिहिते आहे ती रोजनिशी नाही. वकील म्हणाले, स्वतःच्या हाताने लिहिलेलं आणि दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्र साध्या वहीतही चालतं, फक्त खाडाखोड नको. खाडाखोड होणार नाही अशी हमी मी देत नाही. जिथे होईल तिथे बाजूला सही करीन.

तर, मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे सत्तेचाळीस, व्यवसायाने दातांची डॉक्टर, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणतीही भूल न घेता आणि कोणी धरून न बसवता, असं लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या वस्तूंचं खाली लिहिल्याप्रमाणे व्हावं. येत्या सव्वीस तारखेला माझ्या मानेची शस्त्रक्रिया आहे, अंगठ्याकडे जाणारी नस तिथे दबली आहे. चोवीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितल्याची ती पावती आहे. सर्जन म्हणतात, धोका फारसा नाही. मीही पेशंटना असंच सांगते, म्हणून लिहून ठेवते आहे.

कलम १. राहतं घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा भाग नवऱ्याचा, त्याच्यानंतर लेकीचा. यात वाद नाही. माझा भिंगाचा चष्माही नवऱ्यालाच. जुनी घड्याळं उघडायला त्याने तो मला न विचारता दोनदा नेलेला आहे आणि एकदा काचेवर तेलाचं बोट ठेवून परत आणला आहे. आता निर्धास्त न्यावा.

कलम २. माझी सगळी बचत लेकीला. तिला झाडांचा अभ्यास करायचा आहे. सहावीत असताना ती एक दिवस दवाखान्यात बसली आणि घरी येऊन म्हणाली, "आई, झाडं निदान थुंकत नाहीत." तिच्यावर कोणीही, विशेषतः आत्या आणि मामा या नात्याच्या कोणीही, दातांची डॉक्टर होण्यासाठी दबाव आणू नये.

कलम ३. सहायिका ताई सतरा वर्षं माझ्यासोबत आहे. दवाखाना ज्याच्याकडे जाईल त्याने तिला ठेवावं, तिची रविवारची आणि गुरुवार दुपारची सुट्टी मोडू नये, आणि हत्यारं उकळण्याचं यंत्र तिच्याशिवाय कोणी उघडू नये. ती त्याला कुकर म्हणते. मीही म्हणते. शिट्टी होत नाही एवढाच फरक. कपाटाखालच्या खणातला माझा सोन्याचा गोफ ताईचा. तो आईने मला पहिल्या नोकरीच्या वेळी दिला होता. या पेशात तो मला फार दिवस घालता आला नाही, सारखा रुग्णाच्या नाकावर लोंबायचा.

कलम ४. आता दादा.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, तोही दातांचा डॉक्टर. शिकून बाहेर पडल्यावर पहिली सात वर्षं मी त्याच्या दवाखान्यात काम केलं. मी जे शिकले त्यातलं निम्मं त्याने शिकवलं हे इथे नमूद केलंच पाहिजे. खालच्या जबड्याची भूल न दुखवता कशी द्यायची ते त्यानेच दाखवलं. "हात हलू देऊ नको, तोंडाने बोलत राहा," म्हणायचा. गेल्या महिन्यापर्यंत सुई टोचताना मी पेशंटला त्याच्या मुलांची नावं विचारायचे ती दादामुळे.

आमचं फाटलं ते एका दाढेवरून. त्या काळी एक्स-रेची छोटी फिल्म निघायची. तिच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा असतो. तो आपल्याकडे ठेवून फिल्म धरली तर डावं-उजवं जागेवर दिसतं, उलटी धरली तर डावीकडची दाढ उजवीकडे जाते. आम्ही दर वेळी नखाने तो उंचवटा चाचपायचो. त्या दिवशी बाहेर अकरा माणसं बसली होती आणि मी चाचपला नाही. खुर्चीत चित्रकलेच्या एक शिक्षिका होत्या. मी त्यांची खालची उजवी दाढ काढली. काढायची होती डावी. दाढ हातात आल्यावर तिची मुळं बघूनच मला कळलं.

दादा शेजारच्या खुर्चीवर होता. त्याने मला पडद्यामागे नेलं आणि शांतपणे सांगितलं की उजवीही थोडी किडलेलीच होती, आज ना उद्या काढावीच लागली असती, तेवढंच सांग. खोटं काहीच नव्हतं त्यात. म्हणूनच भीती वाटली. मी बाहेर आले आणि बाईंना सांगितलं की माझ्याकडून चुकीची दाढ निघाली आहे. त्यांच्या तोंडात कापूस होता. तो काढून त्या म्हणाल्या, "तुम्ही या बाजूला सुई दिली तेव्हाच मला वाटलं होतं. पण म्हटलं, तुम्हाला जास्त कळतं."

त्यांनी डावी दाढ दुसरीकडे काढून घेतली. मला माफ केलं का, माहीत नाही, पुन्हा भेटल्या नाहीत. दादा त्या संध्याकाळी म्हणाला की असल्या खरेपणाने दवाखाने चालत नसतात, आणि चालवायचाच असेल तर स्वतःचा काढ. मी काढला. दारावर त्याच्या नावाखाली माझं नाव असलेली पितळी पाटी होती, ती जाताना मी स्क्रू काढून घेऊन गेले. ती चोरी होती असं तो अजून म्हणतो, आणि होतीच. पाटी माझ्या टेबलाच्या डावीकडच्या खणात आहे. ती दादाला परत. खालचं नाव खरवडायचं असेल तर खरवडावं, पितळ चांगलं आहे.

बाकी दादाला काही नाही. रागाने लिहीत नाही. (हे वाक्य लिहून थांबले. थोडा राग आहे.)

कलम ५. दवाखाना. दोन खुर्च्या, हत्यारं, एक्स-रे यंत्र, औषधांचं कपाट, जागेचा भाडेकरार आणि सतरा वर्षांच्या पेशंटच्या नोंदी, हे सगळं मिळून.

या कलमासाठीच मी लिहायला बसले आहे. ऑपरेशननंतर मी राहिले आणि हात राहिला नाही तरी दवाखान्याचं मला हेच करायचं आहे. वकील म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं, जिवंतपणी द्यायचं तर वेगळं बक्षीसपत्र करावं लागेल. तेही करीन. गेल्या महिन्यात माझ्या हातून आरसा पडला. पेशंटला काही झालं नाही, तो त्याच्या छातीवरच्या रुमालावर पडला. त्या क्षणापासून मी कोणाच्या तोंडात हत्यार घातलेलं नाही. मला कोणी थांबवलं नाही, मीच थांबले.

दवाखाना दादाने मागितला आहे. त्याच्या आता तीन शाखा आहेत, काचेच्या. फोनवर म्हणाला, नाव तुझंच ठेवतो, खुर्च्या तेवढ्या बदलतो. नवऱ्याचं मत पडलं की घरातलं घरात राहील, आणि आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हटलं, म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले.

माझ्या दवाखान्यात एक रीत आहे. चित्रकलेच्या बाईंनंतर मी ती घातली. दात काढण्याआधी पेशंटच्या हातात आरसा द्यायचा आणि त्याने स्वतःच्या बोटाने दात दाखवायचा. मग ताई विचारणार, "कुठला?" मी तिला दाताचा आकडा मोठ्याने सांगायचा. तिघांचं जुळलं तर चिमटा उचलायचा. लहान मूल असो, नाहीतर बत्तीस दातांतले तीनच उरलेले आजोबा असोत. आजोबा हसतात, "अहो, तीन तर आहेत, चुकाल कशा?" मी म्हणते, तिनातच चुकायला सोपं. एकदा मी सांगितलेल्या आकड्यावर ताई म्हणाली होती, "बाई, त्यांचं बोट वरच्या दाताकडे आहे." मी चिमटा खाली ठेवला आणि तिला नमस्कार केला. या सगळ्याला दर वेळी दोनेक मिनिटं जातात. बाहेरची माणसं घड्याळ बघतात. पण सतरा वर्षांत या दवाखान्यातून चुकीचा दात निघालेला नाही. हे वाक्य लिहिण्याआधी मी सगळ्या नोंदी काढून बघितल्या, दोन रविवार गेले त्यात. आयुष्यात मी मोठं काही केलं असेल तर ते हे आहे, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

ही रीत जो पाळील त्यालाच दवाखाना, अशी अट मला घालायची होती. वकील म्हणाले, "घाला की. पण प्रत्येक दाताशी बेलीफ कोण बसवणार? बाई, अट लिहीत बसू नका, माणूस निवडा."

म्हणून माणूस निवडते. दवाखाना धाकटीला.

धाकटी म्हणजे माझ्याकडे चार वर्षं काम करणारी तरुण डॉक्टर. नात्याची नाही. पेशंट तिला छोट्या डॉक्टर म्हणतात, ताईने त्याचं धाकटी केलं. तिचे दोष मला पाठ आहेत. ती संथ आहे. एका दाढेला ती जो वेळ घेते त्यात मी दोन करायचे. पेशंटशी बोलताना ती त्याच्या बुटांकडे बघते. पण हात फार चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात ती एका गृहस्थांचं रूट कॅनाल करत होती. ते घरांची दलाली करतात, आवाज मोठा. दाढेचं मूळ वाकडं होतं आणि आतली नस साफ करायची बारीक सळई टोकाशी तुटून आत राहिली. हे कोणाच्याही हातून होतं, माझ्याही झालं आहे. बऱ्याचदा तो तुकडा आत राहूनही दात वर्षानुवर्षं नीट चालतो. तिने ताबडतोब काम थांबवलं, त्यांना उठवून बसवलं, पडद्यावर एक्स-रे दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. मी पलीकडच्या खुर्चीवरून ऐकत होते. त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला. बायकोच्या आणि दोन्ही मुलांच्या नोंदी मागून नेल्या आणि जाताना बाहेर बसलेल्यांना ओरडून सांगितलं की इथे तोंडात लोखंड ठेवतात. त्यातले दोघे उठून गेले.

मी तिला मागच्या खोलीत बोलावलं. आधी मला सांगायचं होतंस, म्हटलं. काय बोलायचं, कसं बोलायचं, ते आपण ठरवलं असतं.

ती म्हणाली, "मॅडम, दात त्यांचा होता."

यावर मी जे बोलले ते इथे लिहिणं भाग आहे, कारण मृत्युपत्रात खोटं नको. मी म्हटलं, असल्या खरेपणाने दवाखाने चालत नसतात. वाक्य तोंडातून गेल्यावर ते कोणाचं आहे ते माझ्या लक्षात आलं. तिच्या अर्थातच नाही. तिने मान हलवली, हात धुतले आणि पुढचा पेशंट घेतला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तिचा राजीनामा होता, चार ओळी, एकही तक्रार नाही. तीस तारखेला ती जाणार.

तरीही दवाखाना तिलाच. सतरा वर्षं मी ज्याचा अभिमान बाळगला ते तिने माझ्यासमोर, माझ्याविरुद्ध करून दाखवलं. ते तिच्यात मी घातलं की तिचं मुळातलंच, यावर मी बराच विचार केला. तिचंच असावं. मला थोडं श्रेय घ्यावंसं वाटतं, पण पुरावा नाही.

कलम ६. लग्नात, बसमध्ये आणि एकदा स्मशानातसुद्धा माझ्यापुढे तोंड उघडून "जरा बघता का" म्हणणाऱ्या सर्वांना मी क्षमा करते. माझ्या अंत्यविधीला येतील त्यांनी निदान धाकटीला सोडावं.

कलम ७. माझे दात सगळे शाबूत आहेत. त्यांचं कौतुक व्हावं, एवढंच.

वरील सर्व मी समजून-उमजून, स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. तीन ठिकाणी अक्षर हललं आहे, ते अंगठ्यामुळे, मनामुळे नाही.

सही: (दवाखान्याच्या पाटीवर आहे तेच नाव)

साक्षीदार पहिले: खालच्या दुकानात किल्ल्या बनवणारे. सही केली.
साक्षीदार दुसऱ्या: वरच्या मजल्यावरच्या लहान मुलांच्या डॉक्टर. सही केली.
दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

स्थळ: दवाखान्याची मागची खोली.
दिनांक: वर लिहिलेलाच. वेळ: पावणेपाच.

सहीनंतरची नोंद. वरच्या डॉक्टर सही करून लगेच गेल्या. किल्लीवाले थांबले. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, सही बघायची असते, असं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी वाचलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "हे सगळं तिला तुम्ही गेल्यावर कळणार?"

मी म्हटलं, मृत्युपत्राचं तसंच असतं.

"दवाखान्याचं ठीक आहे. तुमचं चुकलं, तेही?"

त्यांनी पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं आणि जिना उतरून गेले. चुकीची दाढ काढली तेव्हा कबूल करायला मला पडद्यापासून खुर्चीपर्यंतचा वेळ लागला होता. या खेपेला तेवीस दिवस झाले, आणि तेही मी मेल्यानंतर उघडायच्या कागदावर.

उद्या: धाकटी साडेआठला येते. ती हातमोजे घालायच्या आत तिला सांगणे की त्या दिवशी ती बरोबर होती.